मसल स्लूचे शेतकरी : न्यायासन कीं बंदूक ?

श्रोतेहो, कोर्टकचेरीविषयीं आपल्या मराठींत एक म्हण घरोघर ठाऊक आहे. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपण म्हणतों. परंतु ती पायरी चढावयाची नाहीं, तर अन्याय झालेल्या माणसानें जावें कोठें, या प्रश्नाचें उत्तर ती म्हण देत नाहीं. दुसरी म्हण आहे, बळी तो कान पिळी. तिच्यांत उत्तर आहे खरें, पण तें बळवंताच्याच सोयीचें आहे. दुबळा मनुष्य बळाच्या वाटेनें जाऊं लागला म्हणजे काय होतें, हें ती सांगत नाहीं. या दोन वाटांच्या मध्यें सांपडलेल्या कांहीं शेतकऱ्यांची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. हे शेतकरी आपल्या देशांतले नव्हत. ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया संस्थानांतले. त्यांचा प्रतिपक्ष कोणी राजा किंवा सरदार नव्हता, तर एक आगगाडीची कंपनी होती. ज्या दिवशीं हा कज्जा रक्तानें माखला तो दिवस होता मंगळवार, ११ मे १८८०.

प्रथम या कज्ज्याचें मूळ पाहूं. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत व त्यानंतर, पश्चिमेकडील विरळ वस्तीच्या मुलखांत आगगाडी नेण्याची तेथील सरकारला मोठी निकड वाटत होती. सरकारजवळ रोकड कमी, पण जमीन अलोट. तेव्हां पैशाच्या ऐवजीं कंपन्यांना जमीनच इनाम द्यावी, असें धोरण काँग्रेसनें म्हणजे तेथील मध्यवर्ती कायदेमंडळानें स्वीकारलें. २७ जुलै १८६६ च्या कायद्यानें सदर्न पॅसिफिक नांवाच्या कंपनीस असें इनाम मिळालें. त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. नियोजित लोहमार्गाच्या दोहों बाजूंच्या प्रदेशाचे एकेक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, तुकडे पाडावयाचे व त्यांना क्रमांक द्यावयाचे. विषम क्रमांकाचे तुकडे कंपनीचे, सम क्रमांकाचे सरकारचे. बुद्धिबळाच्या पटावर काळीं व पांढरीं घरें एकाआड एक असावीं, तसा हा सारा मुलूख विभागला गेला. सरकारच्या घरांतील जमीन वसाहत करण्यास आलेल्या शेतकऱ्यास एकरीं अडीच डॉलरला विकत मिळे. कंपनीला तिच्या घरांची सनद मात्र लोहमार्ग बांधून झाल्यावरच मिळावयाची होती. मार्ग ठरला, जमीन राखून ठेवली गेली, पण सनद हातीं नाहीं, अशी ही मधली स्थिति कित्येक वर्षें टिकली. आणि पुढचा सारा अनर्थ याच मधल्या वर्षांत रुजला.

कंपनीची सूत्रें ज्यांच्या हातीं होतीं ते चौघे गृहस्थ, लीलंड स्टॅनफर्ड, कॉलिस हंटिंग्टन, चार्लस क्रॉकर व मार्क हॉपकिन्स, हे मूळचे सॅक्रॅमेंटो शहरांतील व्यापारी. १८६९ सालीं अमेरिका खंडाच्या पूर्व-पश्चिम टोकांना जोडणारा जो पहिला लोहमार्ग पुरा झाला, त्याचा पश्चिमेकडील भाग यांनीं बांधला होता. स्टॅनफर्ड तर तत्पूर्वीं कॅलिफोर्नियाचा गव्हर्नरहि होऊन गेला होता. सदर्न पॅसिफिकनें आपला मार्ग प्रथम समुद्रकिनाऱ्याच्या बाजूनें नेण्याचें जाहीर केलें होतें. १८६७ च्या आरंभीं मात्र तिनें निराळा नकाशा सादर केला व मार्ग डोंगर ओलांडून आंतल्या खोऱ्यांतून नेण्याचें ठरविलें. असा बदल करण्याचा कंपनीस अधिकार होता काय, यावर सरकारदरबारींहि मतभेद झाला. अखेर जून १८७० मध्यें काँग्रेसनें एक ठराव करून या मार्गास मान्यता दिली. तथापि या मार्गाचा डोंगरांतला एक टप्पा कंपनीनें कधींच बांधला नाहीं. शेतकऱ्यांनीं पुढें कोर्टांत जो पक्ष मांडला त्याचा पाया हाच. कबूल केलेला मार्ग बांधला नाहीं, सबब इनाम रद्द झालें, असें त्यांचें म्हणणें होतें.

कॅलिफोर्नियाच्या मध्यभागीं सॅन वाकीन नांवाचें विस्तीर्ण खोरें आहे. त्याच्या दक्षिण भागांत त्या काळीं तुलेरी नांवाचें गोड्या पाण्याचें अफाट व उथळ तळें होतें. पुढें तें आटवून शेतीखालीं आणण्यांत आलें. किंग्ज नदीचें पाणी ज्या ओहोळांनीं या तळ्याकडे जाई, त्यांपैकीं एकाचें नांव मसल स्लू, म्हणजे शिंपल्यांचा ओहोळ. त्यावरून भोंवतालच्या सगळ्याच मुलखास मसल स्लू म्हणूं लागले. पाऊस वर्षाकांठीं दहा इंचांच्या आंत. नदीकांठची पट्टी सोडली तर बाकीचें सारें गुरांचें रान. अशा ठिकाणीं १८७० च्या सुमारास शेतकरी कुटुंबें येऊं लागलीं. त्यांत यादवी युद्धांत दक्षिणेच्या बाजूनें लढून हरलेले लोक होते, तसेच उत्तरेकडील व यूरोपांतून आलेलेहि होते. गुरांनीं पीक खाल्लें तर भरपाई गुरांच्या मालकानें द्यावी, असा कायदा १८७४ मध्यें कॅलिफोर्नियांत झाल्यावर शेतीला धीर आला. पण खरा चमत्कार केला तो पाण्यानें. या लोकांजवळ भांडवल नव्हतें. त्यांनीं आपापसांत मंडळ्या स्थापन केल्या, आणि कुदळ, फावडें व घोडे यांच्या जोरावर किंग्ज नदीपासून मैलोगणती पाट खणले. एका पाटाचें नांव त्यांनीं ‘लोकांचा पाट’ असें ठेवलें, तर दुसऱ्याचें नांव ‘शेवटची संधि’. त्या नांवांतच त्यांच्या मनाची स्थिति दिसते. थोड्याच वर्षांत जेथें धूळ उडत होती तेथें गहू डोलूं लागला.

हे पाट सम घरांतून जसे गेले तसे विषम घरांतूनहि गेले, कारण शेतकरी दोहोंतहि राहिले होते. कंपनीच्या जमिनीवर ते चोरून राहिले होते असें मात्र नव्हे. कंपनीनेंच हस्तपत्रकें छापून लोकांना बोलाविलें होतें. सनद मिळण्यापूर्वींच येऊन राहा, जमिनीची किंमत ठरली म्हणजे ती घेण्याचा पहिला हक्क राहत्या माणसास मिळेल, त्यानें केलेल्या सुधारणांमुळें किंमत वाढविली जाणार नाहीं, असा त्या पत्रकांचा आशय होता. आणि किंमत काय? एकरीं अडीच डॉलरपासून पुढें. बहुतेक जमीन अडीच ते पांच डॉलरच्या दरम्यान.

श्रोतेहो, या ‘पासून पुढें’वर आपण क्षणभर थांबूं या, कारण सात माणसांचे प्राण ज्या वादांत गेले त्याचें बीज या शब्दांत आहे. शेतकऱ्यांनीं त्यांतलें ‘अडीच डॉलर’ तेवढें ऐकलें. शेजारच्या सरकारी घरांतील भाव तोच असल्यामुळें त्यांना तें स्वाभाविकहि वाटलें. कंपनीच्या वकिलांनीं ‘पुढें’ तेवढें वाचलें, आणि पुढें म्हणजे किती पुढें हें पत्रकांत कोठेंच लिहिलेलें नव्हतें. १८७७ च्या सुमारास या भागांत लोहमार्ग आला, हॅनफर्ड नांवाचें गांव वसलें, आणि कंपनीचे मोजणीदार व किंमत ठरविणारे लोक शेताशेतांतून फिरूं लागले. मग जे आंकडे प्रसिद्ध झाले ते एकरीं सतरा डॉलरपासून चाळीस डॉलरपर्यंत होते. शेतकऱ्यांच्या पायांखालची जमीन सरकली. ज्या मातीला पाण्यावांचून कोणी विचारीत नव्हतें, तिला आपण पाणी आणलें, आणि आपल्याच पाण्याची किंमत आतां आपल्याकडून वसूल होणार, असें त्यांचें म्हणणें पडलें. कंपनीचें उत्तर असें कीं, जमिनीचा भाव पाटानें वाढला तसा आगगाडीनेंहि वाढला. आसपास जमिनी याच भावानें विकल्या जात आहेत. आणि आम्ही कोणास नक्की भाव कबूल केलेला नाहीं. दोन्ही म्हणण्यांत कांहीं अंश खरा होता. म्हणूनच हा तंटा सहज मिटणारा नव्हता.

एप्रिल १८७८ मध्यें हॅनफर्ड येथें वसाहतकारांचा एक संघ स्थापन झाला. कोर्टाचा अखेरचा निकाल लागेपर्यंत कोणीं एकट्यानें कंपनीशीं व्यवहार करूं नये, असा त्याचा निर्धार होता. या संघाच्या पोटांत आरंभापासूनच दोन प्रवृत्ति नांदत होत्या. एकीचा प्रतिनिधि म्हणून जॉन डॉयल याचें नांव घेतां येईल. डॉयल हा अर्जविनंत्यांचा व कायद्याच्या बाडांचा माणूस. काँग्रेसकडे अर्ज पाठविणें, जमिनीच्या सरकारी कचेरींत दाद मागणें, शेतकऱ्यांच्या सह्या गोळा करणें, वकील देणें, या कामांत तो वर्षानुवर्षें खपला. खटल्याच्या खर्चासाठीं संघाच्या सभासदांनीं वर्गणी भरली. आधींच कर्जानें वांकलेल्या माणसांनीं वकिलांची फी भरावी, यावरूनच कोर्टावर त्यांचा किती विश्वास होता तें दिसतें. दुसऱ्या प्रवृत्तीचा प्रतिनिधि म्हणजे मेजर टॉमस जेफरसन मॅकक्विडी, संघाचा अध्यक्ष. हा यादवी युद्धांत दक्षिणेच्या फौजेंतला अधिकारी. त्याच्या नेतृत्वाखालीं तरुण शेतकरी घोड्यावर बसून कवाईत करूं लागले. रात्रीं तोंडावर बुरखे चढवून ते हॅनफर्डच्या रस्त्यांतून मिरवत जात. संघाचा निर्धार मोडून जो कोणी कंपनीकडून जमीन घेई, त्याच्या दाराशीं हे बुरखेवाले उभे राहत. १८७८ च्या अखेरीस अशा एका जमिनीवरील घरांतलें सामान बाहेर काढून घरास आग लावण्यांत आली.

या दोन प्रवृत्ति म्हणजे दोन निराळे पक्ष होते, असें समजणें सोपें आहे. पण तें खरें नाहीं. दिवसा वर्गणी देणारा हात व रात्रीं बुरखा बांधणारा हात पुष्कळदां एकाच माणसाचा असे. कोर्टावर भरंवसा ठेवावा, पण कोर्ट चुकलेंच तर हाताशीं कांहीं असावें, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब घरगुती शहाणपणाचा वाटतो. परंतु वस्तुतः एका वाटेनें चाललेलें पाऊल दुसऱ्या वाटेनें चाललेल्या पावलास अडखळवीत होतें. काँग्रेसपुढें हे लोक म्हणत कीं, आम्ही शांतपणें राबणारे, कायदा मानणारे नागरिक आहोंत. तेंच जळालेलें घर दाखवून कंपनी म्हणे कीं, ही दंगेखोरांची टोळी आहे. उलट पक्षीं, खटला जिंकणार या आशेनें शेतकरी त्याच जमिनींत आणखी श्रम व आणखी पैसा ओतीत राहिले, आणि तडजोड करण्याची जी वेळ होती ती दवडीत गेले.

डिसेंबर १८७९ मध्यें पहिला घाव बसला. कंपनीनें ऑर्टन नांवाच्या एका शेतकऱ्यावर लावलेला खटला सर्वांच्या वतीनें कसोटीचा खटला म्हणून लढविला गेला होता. मध्यवर्ती सरकारच्या सर्किट कोर्टाचे न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनीं निकाल कंपनीच्या बाजूनें दिला. त्यांच्या निकालाचें सार आपल्या भाषेंत सांगावयाचें तर असें: इनामदारानें इनामाची अट मोडली कीं नाहीं, हा प्रश्न इनाम देणाऱ्या सरकारनें उपस्थित करावयाचा आहे, तिऱ्हाईतास तो अधिकार नाहीं. आणि सरकारनें तर १८७० च्या ठरावानें मार्गास मान्यताच दिली आहे. कायद्याच्या दृष्टीनें ही विचारसरणी दुबळी म्हणतां येणार नाहीं. सॉयर व स्टॅनफर्ड यांचा जुना स्नेह असल्यामुळें शेतकऱ्यांच्या मनांत मात्र निकालाविषयीं संशय राहिला. त्याहून दुःखाची गोष्ट ही कीं, ज्या वचनभंगाची टोचणी त्यांना रात्रंदिवस लागली होती, त्या हस्तपत्रकांतील आश्वासनास या निकालांत कांहींच आधार मिळाला नाहीं. खटला मालकीचा होता, वचनाचा नव्हता. संघानें वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाकडे अपील केलें. आतां सर्वांचे डोळे त्या अपिलाकडे लागले.

पण अपील दाखल झालें म्हणून कंपनी थांबली नाहीं. ऑर्टनच्या निकालाच्या आधारें तिनें इतर शेतकऱ्यांविरुद्धहि ताब्याचे हुकूम मिळविले. १८८० च्या वसंतांत स्टॅनफर्ड स्वतः हॅनफर्डला आला, शेतकऱ्यांशीं बोलला, आणि कांहीं तडजोड निघेल अशी आशा उत्पन्न झाली. बोलणीं चाललीं, पण भावाचा मेळ बसेना. या बोलण्यांच्या काळांत कंपनी जप्तीचें पाऊल उचलणार नाहीं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुन्हां एकदां ती समजूतच, लेखी करार नव्हे.

११ मेच्या दिवशीं हॅनफर्ड येथें वसाहतकारांचें वनभोजन ठरलें होतें. माजी न्यायाधीश डेव्हिड टेरी यांचें तेथें भाषण व्हावयाचें होतें. ते आलेच नाहींत. सारीं माणसें सभेच्या जागीं जमलीं असतां, इकडे चार माणसें दोन गाड्यांतून शेतांकडे निघालीं होतीं. त्यांतला एक मध्यवर्ती सरकारचा मार्शल ॲलोन्झो पूल. आपल्याकडे कोर्टाचा बेलिफ जें काम करतो तें काम त्याच्याकडे होतें. दुसरा विल्यम क्लार्क, हा कंपनीचा जमिनींची किंमत ठरविणारा नोकर. उरलेले दोघे मिल्स हार्ट व वॉल्टर क्रो. या दोघांनीं वादांतल्या जमिनी कंपनीकडून घेतल्या होत्या, व आज त्यांना त्यांचा ताबा द्यावयाचा होता. क्रोचा बंदुकीचा नेम त्या भागांत नांवाजलेला. त्यांच्या गाडींत बंदुका व काडतुसें भरपूर होतीं.

प्रथम ते ब्रॅडन नांवाच्या शेतकऱ्याच्या घरीं गेले. घरीं कोणी नव्हतें. घरांतलें सामान काढून रस्त्यावर ठेवण्यांत आलें आणि हार्टला ताबा देण्यांत आला. तेथून ते ब्रूअर याच्या शेताकडे वळले. एव्हांना वार्ता पसरली होती. जेम्स पॅटरसन याच्या पुढारीपणाखालीं कांहीं घोडेस्वार शेतकरी तेथें येऊन पोंचले. कांहींजवळ पिस्तुलें होतीं, कांहींजवळ कांहींच नव्हतें. पूल गाडींतून उतरून पुढें झाला व त्यांच्याशीं बोलूं लागला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत आमची घरें रिकामीं करूं नका, एवढें शेतकऱ्यांचें मागणें होतें. आणि शस्त्रें आमच्या स्वाधीन करा, असेंहि त्याबरोबरच होतें. पूल शस्त्र देईना, परंतु बळजबरी करण्याचाहि त्याचा विचार दिसत नव्हता. बोलणें अगदीं हातघाईवर आलें होतें असें नाहीं. इतक्यांत घोड्यांची गर्दी झाली, एका घोड्याचा धक्का लागून पूल रस्त्यावर पडला, आणि त्याच सुमारास मागें गाडीजवळ हार्ट व क्रो आणि जेम्स हॅरिस नांवाचा शेतकरी यांच्यांत शब्दाला शब्द लागला. मग गोळी सुटली.

पहिली गोळी कोणाची, हा प्रश्न तेव्हांपासून विचारला जात आहे. साक्षीदारांच्या जबान्या परस्परविरुद्ध आहेत, आणि या प्रश्नाचा निर्णय आजवर लागलेला नाहीं. पुढचे कांहीं क्षण मात्र स्पष्ट आहेत. क्रोची बंदूक पुन्हां पुन्हां कडाडली. हॅरिस, आयव्हर नटसन, जॉन हेंडरसन, आर्चिबाल्ड मॅकग्रेगर व डॅनियल केली हे पांच शेतकरी प्राणांतिक जखमी झाले. कांहीं जागच्या जागीं, कांहीं थोड्या वेळानें मरण पावले. हार्टच्या पोटांत गोळी लागली होती. तो दुसऱ्या दिवशीं वारला. क्रो उभ्या गव्हांतून पळत निघाला. दीडएक मैलावर कोणीतरी त्याला गांठून गोळी घातली. कोणीं घातली हें कधींच उघडकीस आलें नाहीं. जखमींना ब्रूअरच्या ओसरीवर आणून निजविलें होतें. एडविन हेमेकर नांवाचा आणखी एक शेतकरी त्या दिवशीं जखमी झाला व कांहीं आठवड्यांनीं मरण पावला. त्याला धरून कांहीं लोक मृतांची संख्या आठ मोजतात. पूल व क्लार्क यांनीं एकहि गोळी झाडली नाहीं, व त्यांना इजाहि झाली नाहीं. पांच शेतकऱ्यांचीं प्रेतें ज्या गांवांत नेलीं त्याच गांवांत त्या दिवशीं सकाळीं वनभोजनाची तयारी चालली होती.

यानंतर खुनाचा खटला कोणावरच झाला नाहीं. मार्शलच्या कामांत अडथळा आणल्याच्या आरोपावरून मात्र पांच शेतकऱ्यांना दोषी ठरविण्यांत आलें. त्यांत पॅटरसन होता, ज्याच्या घरांतलें सामान रस्त्यावर पडलें तो ब्रॅडन होता, आणि कायद्याच्या वाटेवर आयुष्याचीं इतकीं वर्षें खर्च केलेला डॉयलहि होता. आठ महिन्यांची कैद व तीनशें डॉलर दंड अशी शिक्षा झाली. लोकमत त्यांच्या बाजूचें होतें. सॅन होसे येथील तुरुंगांत त्यांना कैद्यांसारखें नव्हे, तर पाहुण्यांसारखें वागविलें गेलें. एकाचें लग्न तुरुंगाधिकाऱ्याच्या कन्येशींच जुळलें. १८८१ च्या शरदांत ते सुटून आले तेव्हां हॅनफर्डला हजारों लोक त्यांच्या स्वागतास जमले. इकडे कवाईतीचा नायक मॅकक्विडी याला सरकारी वॉरंट शेवटपर्यंत गांठूं शकलें नाहीं. १८८२ मध्यें तर तो गव्हर्नरच्या निवडणुकीस उभा राहिला, अर्थात् पडला. कायद्याचा माणूस तुरुंगांत आणि बंडाचा माणूस मोकळा, असा हा इतिहासाचा विनोद आहे.

आणि जमिनीचें काय झालें? जमीन कंपनीचीच राहिली. अपिलांतून शेतकऱ्यांच्या हातीं कांहीं लागलें नाहीं. कंपनीनें भावांत थोडी सूट दिली. ज्यांना शक्य झालें त्यांनीं कर्ज काढून आपलींच शेतें विकत घेतलीं; ज्यांना शक्य झालें नाहीं ते गाडींत सामान घालून निघून गेले. ‘शेवटची संधि’ या पाटाचें पाणी वाहत राहिलें, पण तो खणणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या शेताला नव्हे.

या प्रसंगावर पुढें पुष्कळ लिहिलें गेलें. फ्रँक नॉरिस या कादंबरीकारानें १९०१ मध्यें ‘ऑक्टोपस’ ही कादंबरी लिहून कंपनीला आठ पायांच्या समुद्रप्राण्याची उपमा दिली व शेतकऱ्यांना वीर केलें. अलीकडच्या इतिहाससंशोधकांनीं दुसरी बाजूहि पुढें आणली आहे. शेतकऱ्यांपैकीं कांहीं जणांना विषम घरांतील जमीन कंपनीसाठीं राखून ठेवलेली आहे हें पक्कें ठाऊक होतें. इनाम रद्द झालें तर वीस डॉलरची जमीन अडीच डॉलरला पदरांत पडेल, हा नफ्याचा हिशेबहि त्यांच्या मनांत होता. हें खरें मानलें पाहिजे. सगळेच शेतकरी साधुसंत नव्हते. पण त्यामुळें कंपनीचें पत्रक खोटें ठरत नाहीं, आणि पाट खणतांना हाताला पडलेले घट्टेहि खोटे ठरत नाहींत. पत्रक काढतांना ‘पुढें’ हा शब्द कोणीं व कां घातला असेल, हें समजण्यास मोठी विद्या लागत नाहीं.

मग या लोकांनीं करावयाचें तरी काय होतें? न्यायासन चुकीचें कीं बंदूक चुकीची? मला असें वाटतें कीं, त्यांचा नाश यांतल्या कोणत्याहि एका वाटेनें केला नाहीं. दोन्ही वाटांवर एकाच वेळीं एकेक पाय ठेवल्यामुळें तो झाला. ब्रूअरच्या शेतावर पूलपुढें ते उभे राहिले तेव्हां त्यांच्या तोंडीं अपील होतें आणि कमरेला पिस्तूल होतें. अपील खरें मानावें तर पिस्तुलाचें कारण नव्हतें. पिस्तूल खरें मानावें तर समोरच्या क्रोइतकी त्यांची तयारी नव्हती. निकालाची वाट पाहणारा मनुष्य हत्यार घेऊन उभा राहिला म्हणजे समोरच्याला त्याच्या तोंडचे शब्द ऐकूं येत नाहींत, हत्यार तेवढें दिसतें. शांततेच्या मार्गास अखेरपर्यंत संधि मिळाली नाहीं, आणि बंडाच्या मार्गास तर ते वस्तुतः लागलेच नव्हते. घोड्याच्या एका धक्क्यानें दोहोंचाहि निकाल लावला.

येथें कंपनी या नव्या प्रकारच्या प्रतिपक्षाचाहि विचार करावा लागतो. राजानें दिलेलें वचन मोडलें तर प्रजा त्याला तोंडावर जाब विचारूं शकते. कंपनीला तोंड नसतें. तिच्या वतीनें नोकर बोलतो, पत्रक बोलतें, वकील बोलतो, आणि तिघांचें बोलणें निरनिराळें असूं शकतें. याच सदर्न पॅसिफिक कंपनीच्या करासंबंधीं एका खटल्यांत, १८८६ मध्यें, कंपनी हीहि घटनेच्या दृष्टीनें एक व्यक्तीच होय, अशा मताचा उल्लेख झाला व पुढें तो पुष्कळदां आधार म्हणून दाखविण्यांत आला. अशा व्यक्तीशीं व्यवहार करतांना शब्दावर विसंबून चालत नाहीं. मसल स्लूच्या शेतकऱ्यांनीं पाट खणण्यापूर्वीं एक ओळीचा लेखी करार करून घेतला असता, तर कदाचित् बंदुकीचा प्रसंगच आला नसता. पण गरजू मनुष्य करार मागावयास धजत नाहीं, आणि बलिष्ठ पक्ष आपण होऊन तो देत नाहीं. सारी मेख येथेंच आहे.

अखेर या कंपनीला वेसण घातली ती तिसऱ्याच वाटेनें, आणि फार उशिरां. १८७९ च्या नव्या राज्यघटनेनें कॅलिफोर्नियांत रेल्वेवर देखरेख करणारें एक मंडळ स्थापन केलें होतें, पण तें दुबळेंच राहिलें. १९१० सालीं हायरम जॉन्सन हा, सदर्न पॅसिफिकला राजकारणांतून हांकलून लावीन, या एकाच घोषणेवर गव्हर्नर म्हणून निवडून आला, आणि १९११ मध्यें त्या मंडळाला खरे दांत मिळाले. मसल स्लूच्या गोळीबाराला तेव्हां एकतीस वर्षें झालीं होतीं. हें जें लोकमत जागें झालें त्याला त्या मे महिन्यांतील प्रेतांनीं हातभार लावला, यांत शंका नाहीं. पण त्या प्रेतांच्या विधवांना शेतें परत मिळालीं नाहींत. मतपेटी सावकाश चालते, ती पुढच्या पिढीला न्याय देते. मागच्या पिढीला फार तर एक शिलालेख देते. तसा शिलालेख हॅनफर्डजवळ कॅलिफोर्निया सरकारनें ऐतिहासिक स्थळ क्रमांक २४५ म्हणून उभारलेला आहे. ज्या कंपनीशीं हा झगडा झाला तिचें नांवहि १९९६ मध्यें दुसऱ्या कंपनींत विलीन होऊन गेलें.

श्रोतेहो, अशा ठिकाणीं लढून मेलेल्यांना शूर म्हणून वंदन करणें सोपें आहे, आणि कायदा हातीं घेतला म्हणून त्यांना दोष देणेंहि तितकेंच सोपें आहे. त्यांच्या जागीं आपण असतों तर, दारांत सामान फेंकलेलें पाहून व अपील वॉशिंग्टनला पडलेलें असतांना, आपण कोणती वाट धरली असती, हा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या मनाला विचारावा. मला त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येत नाहीं. एवढें मात्र मी सांगेन कीं, जें उत्तर द्यावयाचें तें सामान दारांत येण्यापूर्वीं, थंड डोक्यानें, आपल्या संघांत बसून ठरविलें पाहिजे. मसल स्लूच्या लोकांनीं तें ठरविलें नाहीं. त्यांनीं तें त्या दिवसावर सोडलें, आणि त्या दिवसानें तें त्यांच्याकरतां ठरविलें.